खालच्या सुराची साथ

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. ओतूर सोडून माळशेजच्या दिशेने निघाले की मढपर्यंत आणि पुढे घाटाच्या तोंडापर्यंत गावोगाव सप्ताह बसतात. सप्ताह बसला की काल्यापर्यंत विणेकऱ्यांचे पहारे लागतात. रात्री दोनला मंडपात पाच माणसेही उरलेली नसतात. कीर्तन आटोपलेले असते, टाळकरी घरी गेलेले असतात, सतरंजीवर एखादे म्हातारे माणूस कांबळे ओढून निजलेले असते. तरीही गळ्यात वीणा अडकवून एक जण उभा असतो आणि तारा छेडत असतो. पहारा बदलताना दोघे एकमेकांच्या पाया पडतात, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते आणि सूर चालू राहतो.

त्या विणेवर कोणी राग वाजवत नाही. तिने फक्त सूर धरून ठेवायचा असतो. पण काकड्यापासून हरिजागरापर्यंतचे सगळे गाणे त्या सुरावर उभे असते. अभंगाची चाल किती वर गेली, कुठे उतरली, कुठे घरी परतली, हे ऐकणाऱ्याला कळते ते विणेमुळे. विणेकऱ्याला टाळ्या मिळत नाहीत, त्याचे नाव पत्रिकेत मोठ्या अक्षरात छापत नाहीत. मात्र तो चुकला तर बुवांपासून शेवटच्या टाळकऱ्यापर्यंत सगळे चुकतात.

हे पुस्तक अशा साथीविषयी आहे. त्यातले संगीत मात्र सप्ताहातले नाही. ते साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपात छापले गेले. त्या काळाला तिकडे बरोक म्हणतात आणि ज्या वाद्यासाठी हे संगीत रचले गेले ते पाच जोड तारांची गिटार. एका बाजूला ही लहानशी, उंच सुराची गिटार आणि तिच्या खाली दुसऱ्या वाद्यावर चालणारी खर्जाची ओळ, या जोडीचे वादन कसे करावे, हा या पानांचा विषय आहे. तो मराठीत का आणला, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना थोडी लांबवतो.

पहिले कारण अगदी जवळचे आहे. गिटार आता जुन्नर-आंबेगावातल्या घरांत पोचली आहे. नारायणगाव, मंचर, आळेफाटा या भागातली मुले मोबाइलवर पाहून कॉर्ड धरायला शिकतात. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या घरात मृदंग असतो, आजोबा टाळकरी असतात, एखादा काका गावच्या भजनात पेटी धरतो. ही मुले गिटारवर कॉर्डचा झणकार करतात, पण त्या कॉर्डच्या तळाशी कोणता सूर आहे, हे त्यांना कोणी विचारत नाही. तळ म्हणजे काय हे घरच्या मृदंगाला ठाऊक असते. तोच प्रश्न गिटारपर्यंत नेला की एक मोठे दालन उघडते, असा माझा विश्वास आहे.

मृदंग लावताना जवळ बसून पाहावे. वादक गव्हाची कणीक मळतो. ती फार सैल चालत नाही आणि फार घट्टही चालत नाही. तळहाताएवढा गोळा तो डाव्या तोंडाच्या मध्यावर थापतो, कडा बोटाने दाबून चामड्याशी एकजीव करतो, मग हात मारून पाहतो. आवाज उथळ आला तर आणखी कणीक लावतो. फार मुका आला तर चिमूट-चिमूट काढतो. उजव्या तोंडाला शाई कायमची असते, ते तोंड लावलेले असतेच. डावे तोंड मात्र दर खेपेला नव्याने घडवावे लागते. भजन संपले की ती कणीक खरवडून काढतात. तळाचा आवाज आयता मिळत नाही, तो त्या दिवशी, त्या हवेत, त्या गळ्यासाठी तयार करावा लागतो. हे ज्याने पाहिले आहे त्याला पुढचे पुष्कळ काही समजावून सांगावे लागणार नाही.

दुसरे कारण नारायणगावचे. या गावाला तमाशाची पंढरी म्हणतात. चैत्राच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड इथला. भाऊंची मुलगी विठाबाई (१९३५–२००२) हिने हे नाव महाराष्ट्रभर नेले आणि आज राज्य शासनाचा तमाशा क्षेत्रातला जीवनगौरव पुरस्कार तिच्या नावाने दिला जातो. तमाशाविषयी लिहिले जाते ते लावणीविषयी, नाचाविषयी, सोंगाड्याच्या हजरजबाबीपणाविषयी, वगाविषयी. मागे उभ्या असलेल्या झीलकऱ्याविषयी आणि त्याच्या हातातल्या तुणतुण्याविषयी कोणी पानभर लिहीत नाही.

तुणतुण्याची रचना पाहण्यासारखी आहे. लाकडाचे एक पोकळ नळकांडे, तळाला मढवलेले चामडे, बाजूला ठोकलेली दांडी. चामड्याच्या मध्यातून एक पोलादी तार निघते, नळकांड्याच्या पोकळीतून वर येते आणि दांडीच्या टोकाला खुंटीवर गुंडाळली जाते. एकच तार, एकच सूर. गाणारी काळी चारात गात असेल तर खुंटी पिळून तार तिथे चढवायची, दुसरी गायिका उभी राहिली की पुन्हा जुळवायची. ध्वनिवर्धक नव्हते तेव्हा उघड्या माळावर हजारोंच्या गर्दीत गाणाऱ्याच्या कानाशी षड्ज टिकवून ठेवण्याचे काम या एका तारेने केले. वाजवणारा तिच्यावर नुसता सूर देत नाही, लयीत छेडतो. सूर आणि लय दोन्ही एका हातात येतात.

आता एक गोष्ट लक्षात घ्यावी. तुणतुण्याचा सूर खोल नसतो. तो आधार देतो, पण खालून देत नाही. तमाशात खोली येते ती ढोलकीतून. ढोलकीच्या डाव्या तोंडाला आतून मसाला लावलेला असतो, त्यामुळे त्याला घुमारा येतो. पण ढोलकी काही चाल वाजवत नाही. म्हणजे फडात तळाचे काम दोघांत वाटले गेले आहे. नेमका सूर तुणतुण्याकडे, खोली ढोलकीकडे. या वाटणीतूनच त्या गाण्याचा तो मोकळा, मैदानी आवाज घडला. होनाजीने ढोलकीच्या जागी तबला घेतला असे मानले जाते, आणि त्याबरोबर लावणी माळावरून बैठकीत आली. तळाचे वाद्य बदलले की वरच्या गाण्याची चालचलणूकही बदलते. गोव्यात मांडो ऐकावा. वर व्हायोलिन, एकाखाली एक चालणारे दोन गळे, आणि सगळ्यांच्या खाली घुमटाचा मातीच्या पोटातून आलेला आवाज. घुमट काढून घेतला तर तो मांडो दिवाणखान्यातले साधे गीत होऊन बसेल.

तिसरे कारण इतिहासातले. ते मला फार प्रिय आहे. अफजलखानाच्या वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा हा आज आपल्यापाशी असलेला सर्वांत जुना पोवाडा मानतात. प्रसंग १६५९ चा. सिंहगडचा तुळशीदासाचा पोवाडा १६७० च्या प्रसंगावरचा. शिवनेरीवर जन्मलेल्या राजाचा राज्याभिषेक रायगडावर ६ जून १६७४ रोजी झाला. त्याच १६७४ साली स्पेनमधल्या सारागोसा शहरात गास्पार सान्स याचे गिटारवादनाचे पुस्तक निघाले. त्याच साली इटलीत बोलोन्याला जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रानाता याने गिटार, व्हायोलिन आणि खालच्या सुरांचा व्हिओला यांनी मिळून वाजवायच्या रचना छापल्या. त्याच साली फ्रान्चेस्को कोर्बेत्ता याने आपल्या ‘ला गितार रोयाल’ या पुस्तकाचा दुसरा ग्रंथ फ्रान्सच्या चौदाव्या लुईला अर्पण केला.

या नावाचे पहिले पुस्तक १६७१ चे. ते इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला अर्पण केलेले आहे. पोर्तुगालच्या राजकन्येशी विवाह ठरला तेव्हा १६६१ च्या तहाने मुंबई ज्याला आंदण मिळाली आणि १६६८ मध्ये ज्याने ती वर्षाला दहा पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, तो हाच चार्ल्स. कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७५ मध्ये मुंबईहून घाट चढून जुन्नरला आला होता. तो ज्या लंडनहून निघाला होता तिथे दरबारातल्या लोकांना त्या काळात गिटारचे वेड लागलेले होते. आपल्या घाटवाटांवर पोवाडे गाइले जात होते तेव्हा तिकडे हे वाद्य राजाच्या हातात होते. हे दोन प्रवाह एकमेकांना भेटले नाहीत. पण दोन्हीकडे तारेवर बोट मारणाऱ्या माणसापुढे एकच अडचण होती, आणि तिची उत्तरे त्यांनी आपापल्या परीने शोधली.

अडचण समजण्यासाठी आधी एक प्रयोग करावा. पेटी समोर घ्या. उजव्या हाताने मधल्या सप्तकातला सा दाबून धरा आणि सोडू नका. डाव्या हाताने खालच्या सप्तकातला सा दाबा. दोन्ही एकजीव होतात, वरचा सा घरी आहे. आता डावा हात मध्यमावर न्या. वरची पट्टी हलली नाही, पण तिचे नाते बदलले. खालच्या मध्यमाला सा मानले तर वरचा सूर त्याचा पंचम झाला. डावा हात कोमल धैवतावर न्या. तोच वरचा सूर आता त्याचा शुद्ध गंधार आहे, आणि कान एकदम उजळतो. शुद्ध धैवतावर न्या. तो कोमल गंधार झाला, रंग उतरला. उजव्या हाताने काहीच केलेले नाही. गाणे पूर्ण बदलले ते खालच्या सुराने.

आपल्या संगीताने या शक्यतेकडे जाणीवपूर्वक पाठ फिरवली. मिरजेच्या कारागिराने घडवलेला तंबोरा घ्या. पंचम, दोन जोड, खर्ज, या चार तारा मैफलभर जागच्या हलत नाहीत. खालचे घर स्थिर ठेवायचे आणि वरच्या सुरांनी त्याच्याभोवती फिरायचे, ही आपली रीत. त्यामुळे आपल्याला श्रुतीचा सूक्ष्मपणा मिळाला, मींड मिळाली, एकेका सुराचे तप मिळाले. सतराव्या शतकातल्या युरोपने उलटी वाट धरली. लोदोव्हिको व्हियादाना याने १६०२ मध्ये व्हेनिसला चर्चमधली गीते छापली. त्यांत गायकांच्या ओळींखाली ऑर्गनसाठी एक अखंड चालणारी खालची ओळ दिली. गाणारे कमी पडले तर वादकाने त्या ओळीवर सुरावटी उभारून पोकळी भरायची. पुढची दीडशे वर्षे युरोपातले बहुतेक संगीत या ओळीवर चालले. ओळीवर बारीक आकडे लिहीत. खालच्या सुरापासून सहावा हवा की सातवा, चौथा सूर तिसऱ्यावर उतरवायचा का, एवढेच ते सांगत. बाकीचे सगळे वादकाच्या समजुतीवर सोपवलेले असे. म्हणजे लेखी परंपरेतसुद्धा साथीदार जागच्या जागी रचत होता. आपल्या पेटीवाल्याला हे वेगळे सांगायला नको.

आता गिटार. त्या काळच्या गिटारला तारांच्या पाच जोड्या असत, त्या आतड्याच्या तातीच्या. मानेवरचे पडदेसुद्धा तातीचेच, बांधलेले. आजच्या गिटारची सर्वांत जाड सहावी तार तिच्यात नव्हतीच. शिवाय चौथ्या आणि पाचव्या जोडीला पुष्कळ वादक जाड तारा लावतच नसत. त्या जागी बारीक तारा लावून त्यांचा सूर एक सप्तक वर घेत. सान्सने याविषयी स्वच्छ लिहून ठेवले आहे. रोममधले उस्ताद या दोन्ही जोड्यांना फक्त बारीक तारा लावतात, स्पेनमध्ये जाड लावतात. झणकार करत साथ करायची असेल तर जाड तारा बऱ्या, बोटांनी बारीक काम करायचे असेल तर बारीक तारा बऱ्या. कोर्बेत्ताने मधली वाट सुचवली. त्याच्या मते चौथ्या जोडीत एक जाड आणि एक बारीक तार असावी.

तळाच्या तारा काढून टाकून या लोकांनी काय मिळवले? तारांचा क्रम चढता राहिला नाही, त्यामुळे एका सुरावरून शेजारच्या सुरावर जाताना बोट दुसऱ्याच तारेवर जाते. आधीची तार वाजत राहते, नवी तीत मिसळते, आणि साधी सरगम देवळातल्या लहान-मोठ्या घंटा एकामागून एक हलाव्यात तशी ऐकू येते. स्पॅनिश वादक या वादनाला घंटांवरूनच नाव देत. सान्सच्या रचनांत ही जागा आली की मन हरखून जाते. होआकिन रोद्रिगो याने १९५४ मध्ये सान्सच्याच रचना घेऊन गिटार आणि वाद्यवृंदासाठी मोठी कृती केली आणि जगाला त्या पुन्हा ऐकवल्या. पण सान्सला ऐकायचे तर पाच जोडीच्या वाद्यावर, बारीक तारांवर ऐकावे, असे माझे ठाम मत आहे.

जे गमावले ते म्हणजे तळ. वाद्य वर घंटांसारखे वाजते, पण खाली जमीन नाही. कॉर्ड धरली तर तिचा सर्वांत खालचा सूर कोणता निघेल हे तारांच्या उलटसुलट क्रमावर ठरते. मूळ सूर मधेच कुठेतरी अडकतो आणि पंचम खाली येतो. नुसत्या गिटारच्या झणकारात कान हे चालवून घेतो. गाण्याच्या साथीला बसले की उणीव जाणवते. तुणतुण्याचीही हीच गोष्ट, सूर आहे पण खोली नाही. तिथे ढोलकी धावून आली, इथे खालची ओळ वाजवणारे दुसरे वाद्य आले. मांडीत धरून गजाने वाजवायचा बास व्हायोल, चेलो, किंवा लांब मानेचा थिओर्बो. थिओर्बोच्या सर्वांत खालच्या तारा दाबायच्या नसतातच, मोकळ्या छेडायच्या असतात.

या जोडीच्या खुणा जुन्या छापील पुस्तकांत जागोजाग सापडतात. इटलीत १६०६ मध्ये जिरोलामो मोंतेसार्दो याने कॉर्डना अक्षरे देण्याची पद्धत छापली. ए म्हटले की बोटांची अमुक ठेवण, बी म्हटले की तमुक. आपली मुले मोबाइलवर कॉर्डचे तक्ते पाहतात, त्यांचा हा पूर्वज. पुढच्या काही दशकांत गाण्यांची पुस्तके निघाली. त्यांत गायकाची ओळ, तिच्या खाली खर्जाची ओळ आणि वर ही अक्षरे, अशा तीन गोष्टी एकत्र छापलेल्या असत. गंमत अशी की अक्षरे आणि खालची ओळ कधी कधी एकमेकांशी जुळत नाहीत. कोणाचे ऐकायचे, गिटारचे की खर्जाचे, हे वादकांनी ठरवायचे. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या दरबारातला रोबेर द व्हिझे याने १६८२ च्या पुस्तकाच्या शेवटी काही रचना वरची चाल आणि खालची ओळ अशा दोन पट्ट्यांत लिहून दिल्या, म्हणजे इतर वाद्यांवरही त्या वाजवता याव्यात.

सगळ्यांत हृद्य उदाहरण सॅम्युएल पीप्सचे. हा इंग्लंडच्या आरमाराचा कारभारी, रोजनिशी लिहिणारा म्हणून प्रसिद्ध. तरुणपणी तो गिटारला फारशी किंमत देत नसे. पुढे त्याने चेझारे मोरेल्ली नावाचा गायक-वादक पदरी ठेवला आणि त्याच्याकडून आपल्या खर्जातल्या गळ्याला झेपतील अशी गाणी गिटारच्या साथीसह लिहून घेतली. ती हस्तलिखिते केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात आजही आहेत. दिवसभर जहाजांचे हिशेब पाहणारा माणूस संध्याकाळी आपल्या जाड आवाजात गातो आहे आणि ज्या वाद्याला त्याने एकेकाळी नाके मुरडली ते त्याच्या साथीला आहे. या पानांवरून पुन्हा पुन्हा हात फिरवावासा वाटतो. इथे तर तळ गळ्यातच आहे आणि गिटार वर, म्हणजे जोडी उलट झाली. तरी काम तेच.

काही रचनांत खालची ओळ एका लहानशा चक्रात फिरत राहते. पासाकाल्या आणि चाकोना हे प्रकार असे. सा, कोमल नी, कोमल ध, प, असे चार सूर खाली उतरतात, पुन्हा सा येतो, पुन्हा तोच उतार. वर गिटार दर आवर्तनाला नवे काही बोलते. हे ऐकताना मला लेहऱ्याची आठवण येते. आपल्याकडे पेटी किंवा सारंगी तोच लेहरा धरते आणि तबलजी त्यावर आपले वैभव मांडतो. इथे चाकोरी खालच्या सुरांना दिली आहे. चाकोना अमेरिकेतल्या स्पॅनिश वसाहतींतून आली असे त्या काळचे स्पॅनिश लेखक सांगत. ती बंदरात, रस्त्यावर नाचली गेली, बदनाम झाली आणि मग राजवाड्यात शिरली. तमाशाचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

वादनाविषयी जे सांगायचे ते पुढच्या प्रकरणांत सविस्तर आहे. दोन-तीन गोष्टी मात्र इथेच सांगतो, कारण आपल्या कानाला त्या मुद्दाम शिकाव्या लागतील.

पहिली समेची. आपण समेवर वजन टाकतो. साराबांद या संथ नाचात तीन मात्रा असतात आणि पुष्कळदा वजन दुसऱ्या मात्रेवर असते. खालच्या वादकाने सवयीने पहिल्या मात्रेवर ठोका दिला की नाच तिथेच कोसळतो. पहिली हलकी ठेवावी, दुसरीवर बसावे, तिसरीवर उठावे. हे हाताने टाळी देत, वाद्याशिवाय, खूप वेळ करावे.

दुसरी लांबीची. तातीची तार झणकारली की आवाज लवकर विरतो. खालचे वाद्य गजाचे असेल तर त्याचा सूर लांबत राहतो आणि गिटार गप्प झाली तरी तो बोलत असतो. म्हणजे शांतता कधी सुरू होणार हे खालचा वादक ठरवतो. त्याने सूर वेळेवर सोडला नाही तर वरच्याला श्वास मिळत नाही. मृदंगावर थाप मारल्यावर हात चामड्यावर ठेवायचा की उचलायचा, हा निर्णय जसा क्षणाक्षणाला घ्यावा लागतो, तसाच हा.

तिसरी आवाजाची. आजच्या जत्रांत खालचा आवाज म्हणजे छातीवर आदळणारे दणके, अशी मुलांची समजूत होत चालली आहे. भिंतीएवढे स्पीकर लावले की कोणता सूर वाजला हे कोणालाच कळत नाही. मला याचे फार वाईट वाटते. दणक्यामुळे कानाचे नुकसान होते ते तर आहेच, पण खालच्या सुराला चाल असते, तो कुठून तरी कुठे तरी जात असतो, हे ज्ञानच पुसले जात आहे. या पुस्तकातली खालची ओळ गिटारपेक्षा हळू वाजली पाहिजे. वादकाने गिटारवाल्याच्या उजव्या हाताकडे पाहावे. हात खाली येतो आहे की वर जातो आहे, यावरून जोर कळतो. जुन्या पुस्तकांत अक्षरांबरोबर एक आडवी रेघ असते, तिच्यावर खाली लोंबणाऱ्या आणि वर उठणाऱ्या छोट्या काड्या असतात. त्या काड्या म्हणजे हा हातच.

आता साधा व्यवहाराचा प्रश्न. जुन्नर तालुक्यात बास व्हायोल कुठून आणायचा? पाच जोडीची गिटार तरी कोणाकडे आहे? यासाठी अडून बसू नये. नायलॉनच्या तारांची साधी गिटार घ्यावी आणि सहावी तार विसरून जावे. मुठीत कापूस धरल्यासारखा हात हलका ठेवावा. खालच्या ओळीसाठी दुसरी गिटार घेऊन तिच्या फक्त खालच्या तीन तारा अंगठ्याने छेडाव्यात. घरात पायपेटी असेल तर डाव्या पट्ट्या उत्तम चालतात, भाता मात्र संथ ठेवावा. चेलो शिकणारे कोणी पुण्यात असेल आणि सुट्टीत गावी येत असेल तर त्याला बोलवावे. तंबोरा किंवा भजनातली वीणा लावून त्यावर हे संगीत वाजवू नये. खालची ओळ हलते, वीणा हलत नाही, आणि दोघी एकमेकींना दुखावतील.

या संग्रहात सान्स, कोर्बेत्ता, ग्रानाता आणि द व्हिझे यांच्या रचना घेतल्या आहेत. गिटारची बाजू जुन्या पद्धतीने, तारा दाखवणाऱ्या रेघांवर लिहिली आहे, कारण कोणता सूर कोणत्या तारेवर वाजवायचा हे त्या रेघांवाचून कळत नाही. तिच्या खाली स्वरलिपीत खर्जाची ओळ आहे. जिथे मूळ पुस्तकात ती छापलेली आहे तिथे ती जशीच्या तशी घेतली आहे. जिथे नाही तिथे कॉर्डच्या चालीवरून मी ती बसवली आहे आणि बारीक टाइपात छापली आहे, म्हणजे कोणती कोणाची हे वाचणाऱ्याला लगेच कळेल. बारीक टाइपातली ओळ बदलायला मोकळीक आहे. साथ करणाऱ्याने ती बदलावीच. द व्हिझेच्या १६८६ च्या पुस्तकातली डी मायनरमधली नाचांची माळ आज सहा तारांच्या गिटारवर जगभर वाजते आणि त्यासाठी तिचे कित्येक सूर एक सप्तक खाली ओढून घेतलेले असतात. इथे ते सूर मूळच्या उंच जागी परत ठेवले आहेत आणि खोलीचे काम दुसऱ्या वाद्याकडे सोपवले आहे.

सुरुवात सान्सच्या सोप्या नाचांपासून करावी. आठवडाभर फक्त खालची ओळ वाजवावी, वरची चाल गुणगुणावी. मग जागा बदलाव्यात. ज्याने गिटार धरली होती त्याने खाली बसावे, खालच्याने वर यावे. दोघांनाही दोन्ही ओळी पाठ झाल्या की पुस्तक मिटावे. आणि जिथे वरच्या तारा घंटांसारख्या एकमेकींत मिसळू लागतात, जिथे मी ओळीखाली लहानशी चांदणी काढून ठेवली आहे, तिथे खालच्या वादकाने तारेवरून हात काढून घ्यावा आणि पुढची टाळी येईपर्यंत थांबावे.